मीठवालीला बाहेर काढायची कसोटी

माझी बायको गेली तेव्हा तिच्या गोष्टीतली माणसं नदीकाठच्या कड्यावर उभी होती आणि मीठवाली पलीकडच्या गावात अडकली होती. तिथून पुढे गोष्ट सरकली नाही.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे दर रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. चालवणारा सांगतो, समोर दरी आहे. खेळणारे सांगतात, आम्ही अमुक करतो. जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. मोठी माणसं असलं काही खेळतात म्हटल्यावर लोक हसतात. माझ्या कामावरचे तर फारच हसायचे. मी लिफ्ट दुरुस्त करतो.

खेळ चालवायची ही. खेळणारे आम्ही चौघं. हिचा धाकटा भाऊ बारक्या, जो आता आमच्या दारातून जरा तिरका होऊन आत येतो, पण नाव लहानपणीचं तेच राहिलं. त्याचं टायरचं दुकान आहे. हिची शाळेतली मैत्रीण, दातांची डॉक्टर, तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. आमची लेक, दुसऱ्या गावी नोकरी करते, रविवारी सकाळच्या बसने यायची. आणि मी. गोष्टीत मी कुऱ्हाडवाला होतो. ती कुऱ्हाड मी फार वेळा उचलली नाही.

कारण हिला मारामारी चालवायचा कंटाळा होता. ही पाणीपुरवठ्याच्या तक्रारीच्या खिडकीवर बसायची. लोक दिवसभर हिच्यावर ओरडायचे. ही म्हणायची, "भांडण सोपं असतं हो. एक पडला की संपलं. नळाला पाणी नाही, समोरचा तोंडाला फेस येईपर्यंत ओरडतोय, आणि पाणी माझ्या हातात नाही. आता काय कराल, सांगा." म्हणून हिच्या खेळात कसोट्या असायच्या, बिनतलवारीच्या. हा शब्द हिचाच. खवळलेल्या गावाला शांत करायचं. बर्फातून शेळ्यांचा कळप पलीकडे न्यायचा. आचारी पळून गेलाय आणि सैन्य जेवायला बसलंय, तेव्हा काय ते बघायचं. तीनदा फसायच्या आत पाचदा जमवलं की कसोटी पार.

ऐकायला सोपं वाटतं. पण तशी कसोटी बांधणं अवघड. टेबलावरच्या प्रत्येकाच्या हाताला काम लागलं पाहिजे, नाहीतर एकटा बोलका माणूस सगळं करतो आणि बाकीचे नखं बघत बसतात. कुणी म्हणालं, "मी माझं गोडबोलेपण वापरतो," की ही म्हणायची, "वापरू नकोस, बोल. गोड काय बोलतोस ते ऐकू दे." आणि फासा टाकायच्या आधी ही किंमत सांगायची. फसलात तर काय जाईल ते आधी कळलं पाहिजे. एकदा सांगितलेली किंमत ही कधी बदलायची नाही. पडलेला फासा पडला. बारक्या एकदा फासा टेबलाखाली गेला म्हणून परत टाकायला निघाला, तर ही खाली वाकून आकडा वाचून आली.

मीठवाली हिची. म्हणजे आम्हा चौघांपैकी कुणी ती नव्हतं. गोष्टीत जी बाकीची माणसं भेटतात ती सगळी चालवणाऱ्याने बोलायची असतात. मीठवाली कुठल्याशा घाटात भेटली आणि मग सुटलीच नाही. खोट्या वजनांनी मीठ विकायची. बोलायची नाकातून, शब्द ओढून, आणि कुणालाही मान न देता. "मेल्यांनो, घ्यायचं तर घ्या, नाहीतर अळणी मरा." ही एरवी अगदी हळू बोलणारी बाई. पण मीठवाली झाली की शेजारच्या घरातून लोक खिडकीत यायचे. लेक हसून हसून खुर्चीवरून घसरायची. बारक्या म्हणायचा, "ताई, ही बाई तुझ्या पोटात कुठे बसलेली असते गं?"

पोटातच दुखणं निघालं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. उन्हाळा संपायच्या आत ही गेली.

सगळं आटोपल्यावर आठवडे गेले आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. बारक्या हिचा भाऊ. डॉक्टरीणबाई हिची मैत्रीण. लेक माझीही आहे, पण बोलायची ती आईशी, माझ्याशी फोनवर "जेवलास का" आणि "हो" एवढंच. ही सगळी माणसं हिच्याकडे यायची आणि मी त्या घरात असायचो. आता त्यांनी कुणाकडे यायचं? मला रविवार हवा होता. बाकीचे दिवस काम असतं. रविवारी घरात कुणी बोललं नसतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. म्हणून मी लेकीला फोन करून म्हणालो, "गेम मी चालवतो."

 ती म्हणाली, "तू? बाबा, तुला शेजाऱ्यांशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत."

"शिकेन."

"बरं. येते मी."

हिने काही लिहून ठेवलं नव्हतं. सगळं डोक्यात. म्हणून पहिली कसोटी मी माझ्या डोक्याने बांधली. माणसं कड्यावर आहेत, नदी खाली आहे, तर कडा उतरायचा. आठवडाभर मी लिफ्टच्या टपावर उभा राहून तेच घोकत होतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. काहीही बिघडलं तरी लिफ्टची गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. दोर तुटला तर ब्रेक, ब्रेक गेला तर दुसरा ब्रेक, तोही गेला तर तळाला स्प्रिंग. माणूस घाबरेल, पण पडणार नाही. मी कसोटी तशी बांधली. मला ती फार पक्की वाटली होती.

रविवारी तिघं आली. मी हिच्या खुर्चीवर बसलो नाही, माझी खुर्ची फिरवून त्या बाजूला घेतली. गोष्टीत बारक्या भोंदू वैदू होता, डॉक्टरीणबाई कुलूप फोडणारी, लेक वाटाडी. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असायचं की दिवसभर लोकांना तोंड उघडा सांगून कंटाळते, निदान इथे तरी मला कुलपं उघडू द्या.

सुरुवातीला बरं चाललं. मग बारक्या म्हणाला, "मी दोर सोडतो."

"सोडतो म्हणजे?"

"म्हणजे हात सोडतो. बघू काय होतं."

"फासा टाक."

त्याने टाकला. दोन.

"पडलास," मी म्हणालो. "खाली कपार आहे. तिच्यावर आलास."

"लागलं?"

"खरचटलं थोडं."

"बरं. कपारीवरून उडी मारतो."

"खाली कोळ्यांची जाळी बांधलीय."

"कड्यावर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इकडचे मासे कडा चढतात का हो मिस्त्री?"

"वाळत घातलीय."

"मी जाळी कापतो," बारक्या म्हणाला.

"अरे, का पण?"

"भाऊजी, मला आज मरायचंच आहे. तुम्ही मरू देताय का ते बघायचंय."

मी कागदाकडे बघितलं. "जाळीच्या खाली…"

"दुसरी जाळी!" लेक ओरडली आणि हसायला लागली. तिच्या मागून बारक्या, मग डॉक्टरीणबाई. घरात इतक्या दिवसांनी कुणी हसत होतं, म्हणून मीही हसलो. पण हसू संपल्यावर कुणाला फासा उचलावासा वाटेना. कडा उतरून झाला. सगळी धडधाकट नदीकाठी पोचली. बारक्याने तीन जांभया दिल्या. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून फोन काढून बघितला, परत ठेवला, परत काढला.

निघताना दाराशी बारक्या म्हणाला, "भाऊजी, मस्त झालं. पुढच्या रविवारी बघू कसं जमतंय ते. सीझन आहे ना दुकानाचा."

टायरला कसला सीझन?

लेक मागे राहिली होती, कप धुवत. ती म्हणाली, "बाबा, आईच्या खेळात हात घामेजायचे. काहीतरी जाईल असं वाटायचं. तू सगळीकडे गाद्या घातल्यास. आमचं काही जाणारच नव्हतं, मग आम्ही कशासाठी बोलायचं?"

"पुढच्या वेळी नाही घालणार."

"आणखी एकदा येते," ती म्हणाली. 'आणखी एकदा' असं तिने म्हटलं आणि मी ते ऐकलं.

त्या आठवड्यात मी दोन इमारतींत काम केलं. हात काम करत होते आणि मी विचार करत होतो की या तिघांचं काय जायला हवं. सोनंनाणं त्यांना नको होतं. गोष्टीत ती कधी श्रीमंत झालीच नव्हती. स्वतःच्या मरणाची त्यांना भीती नव्हती, बारक्याने तर उड्या मारून दाखवल्या. मग एका इमारतीत वर चढताना मला मीठवाली आठवली. ती नदीपलीकडे होती. इतक्या दिवसांत कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. मी हवा तो मजला सोडून वर निघून गेलो, त्यावरून कळलं की किंमत सापडली.

मग कसोटी भराभर बांधून झाली. पलीकडच्या गावात तापाची साथ आलीय. सूर्य मावळला की वेस बंद, आणि मग साथ संपेपर्यंत आतला आत, बाहेरचा बाहेर. मीठवालीला खोट्या वजनांसाठी कोठडीत घातलंय. तिच्या शिव्या सहन होईनात म्हणून पहारेकऱ्यांनी तिच्या तोंडाला फडकं बांधलंय. हे फडकं मी मुद्दाम घातलं. ते का घातलं हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तिला वेशीबाहेर काढायचं. कुलूप डॉक्टरीणबाईंना, थाप बारक्याला, वाट लेकीला. प्रत्येकाला काम. कुठेही गादी नाही.

रविवारी मी त्यांना नावेने पलीकडे उतरवलं आणि आधी किंमत सांगितली. "तीनदा फसलात तर वेस बंद होईल आणि मीठवाली आत राहील. परत मिळणार नाही."

बारक्याने खुर्ची पुढे ओढली. "भाऊजी, शुद्धीवर आहात ना?"

"नको असेल तर दुसरं काही घेऊ."

"नाही," लेक म्हणाली. "हेच घे."

आणि खेळ सुरू झाला. खरा. बारक्याने खांद्यावर पंचा टाकला, घसा खाकरला आणि वेशीवरच्या शिपायाला, म्हणजे मला, दम दिला. "जीभ दाखव. आणखी बाहेर. अरे देवा. कधीपासून आहे हे असं?"

"काय झालंय?" मी शिपाई होऊन विचारलं.

"काही नाही, काही नाही. घरी कोण कोण असतं तुझ्या? जाऊ दे. मला आत जाऊ दे, औषध आणतो तुझ्यासाठी. तोवर कुणाशी बोलू नकोस, थुंकी गिळू नकोस."

फासा सतरा. शिपाई तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि तिघं आत गेली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही खरंच गिळत नाही आहात, मिस्त्री. गिळा."

लेकीने चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीतून वाट काढली. वास इतका की पहारेकरी तिकडे फिरकत नाहीत, असं तिनेच ठरवलं आणि ते मला पटलं. जमलं. कोठडीच्या कुलपाशी डॉक्टरीणबाई फसल्या, सळई आत तुटली. मी म्हणालो, आवाजाने एक म्हातारा पहारेकरी जागा झालाय. एक गेलं. बारक्याने म्हाताऱ्याला थाप मारायला घेतली, तर फासा तीन. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या आजारी भावाकडे ओढत नेलं. दोन गेली. बारक्या भावाच्या खाटेपाशी अडकला. त्याचं तोंड एवढंसं झालं, खरंच झालं.

"कुलूप राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या. "किडलेला दात वरून निघत नसेल तर बाजूने काढायचा. मी बिजागऱ्या काढते." अठरा. कोठडीचं दार कुलपासकट निघून आलं. लेकीने मीठवालीला रिकाम्या पोत्यांखाली हातगाडीवर घातलं, वर कमावायचं कातडं टाकलं, आणि ढकलत वेशीपर्यंत आणली. तेही जमलं. चार झाली होती. एक हवं होतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. माझे तळहात ओले झाले होते. तिघंही टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकली होती. आपल्याला हे जमतंय, असं मला त्या वेळी वाटलं. हे इथेच लिहून ठेवतो, कारण ते खरं होतं.

वेशीवर आता दुसरा शिपाई होता. तो पोती उचकायला लागला. पळायला जागा नव्हती, कुलूप नव्हतं, थापाड्या आत अडकलेला. राहिली लेक.

"काय करतेस?" मी विचारलं.

"बोलते त्याच्याशी."

"बोल."

ती माझ्याकडे बघून बोलायला लागली. वाटाडीच्या आवाजात नाही, स्वतःच्या. "दादा, पोत्याखाली बाई आहे. खोटं नाही सांगत. चोरटी आहे, तोंडाळ आहे. तुम्हाला वरून हुकूम आहे तेही मला कळतं. तुम्ही काही वाईट माणूस नाही. दार लावायला तुम्हाला सांगितलंय, तर लावा. पण हळू लावा. एक माणूस जाईल एवढाच वेळ लावा. मी परत काही मागणार नाही."

हे मी आधी ऐकलं होतं. दवाखान्यात, ही अतिदक्षता विभागात होती तेव्हा त्याच्या दाराशी, तिने तिथल्या शिपायाला जवळजवळ हेच म्हटलं होतं. तेव्हा त्याने दार लावलं होतं. त्याचंही चुकलं नव्हतं.

चांगलं बोललं की ही लागणारा आकडा कमी करायची. मी खूप कमी केला. "पाच किंवा वर काहीही," मी म्हणालो.

लेकीने फासा हातात घोळवला आणि टाकला. तो टेबलाच्या मधोमध थांबला.

चार.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. आता मला एक वाक्य बोलायचं होतं. वेस बंद झाली. एवढंच. किंमत मीच सांगितली होती, त्यांनी मान्य केली होती, फासा समोर होता. ही असती तर म्हणाली असती.

मी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मला ते जमलं नाही.

"शिपाई थांबतो," मी म्हणालो. "पोत्याकडे बघतो. मग… मग दुसरीकडे बघतो. गाडी बाहेर जाते."

बारक्याने फाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हां," तो म्हणाला. "हां, बरोबर आहे. त्याच्याही घरी कुणी असेल." त्याने हात लांब करून फासा उचलला आणि मुठीत घेतला, जणू त्यावरचा आकडा झाकायचा होता. "सुटली म्हातारी. मीही त्या खाटेपासून निसटून आलो. चला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान," आणि त्यांचा आवाज रुग्णाला 'झालं हं' म्हणतात तसा होता.

 लेक म्हणाली, "मी गाडी थोडी पुढे नेते. झाडाखाली. पोती काढते."

"ठीक."

"तिच्या तोंडावरचं फडकं सोडते."

यावर फासा लागत नव्हता. गाठ काय, कुणीही सोडतं.

"सोडलंस," मी म्हणालो.

ती पुढे वाकली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "मीठवाले, लागलं का गं तुला?"

आणि तिघंही माझ्याकडे बघून थांबली.

मला ते शब्द पाठ होते. किती वर्षं ऐकत होतो. काय म्हणाली असती तेही मला ठाऊक होतं. आधी शिवी, मग मीठ कुठे ठेवलंत माझं, मग तुमच्या वाटाडीपेक्षा गाढव बरं. मी तोंड उघडलं. आवाज नाकात चढवायचा प्रयत्न केला. "मेल्यांनो," मी म्हणालो.

तो माझाच आवाज होता. जाडा, सपाट, 'दरवाजापासून लांब उभे राहा' असं सांगणाऱ्या माणसाचा. मी परत म्हणालो, "मेल्यांनो, माझं मीठ…" आणि तो आणखी माझा झाला.

बारक्याने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, त्याचे खांदे हलायला लागले आणि त्याने ते थांबवायला दोन्ही हातांनी टेबल धरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दवाखान्यात तो रडला नव्हता, नंतरही नाही. सगळी धावपळ त्यानेच केली होती.

"पुरे, बाबा," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी शिकेन तो आवाज," मी म्हणालो.

"नको."

"सराव केला तर—"

"दार लावायला हवं होतंस," ती म्हणाली. "फसले होते मी. चार आला होता. दार लावलं असतंस तर ती आत असती. आत कुठेतरी पहारेकऱ्यांना शिव्या देत बसली असती. आपल्याला ऐकू आलं नसतं, एवढंच. आता बाहेर आलीय आणि बोलत नाहीये."

मी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला. 

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी सगळे कप गोळा केले, मला "बसा हो, बसा" म्हणाल्या आणि धुवून पालथे घातले. बारक्या तोंड धुवून आला. डोळे लाल, पण हसला. "भाऊजी, कसोटी मात्र एक नंबर होती. खरंच. बिजागऱ्या वगैरे. ताईच्या तोडीची."

"शेवट चुकला."

"शेवट कुणाचा बरोबर येतो?" तो म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून चपला शोधायला लागला. दारातून तिरका होऊन गेला. डॉक्टरीणबाई त्याच्याबरोबर गेल्या. जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, खालच्या मजल्यावर गेल्यावर ते थांबलं.

लेकीने त्या दिवशी नेहमीची बस सोडून आधीची घेतली. मी थांब्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, स्वेटर बाहेर काढून ठेव, थंडी पडेल. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, फोन करीन. बस आल्यावर तिने माझ्या खांद्याला हात लावला. चढताना तिने मागे बघितलं का ते मला दिसलं नाही, मधे माणसं होती.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही आणि कुणी येत नाही असंही कळवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बारक्याचा फोन आला. दुकानाचं बोलला, माझ्या गुडघ्याचं विचारलं, गेमचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. लेक आठवड्यातून दोनदा फोन करते. जेवलास का म्हणते.

गोष्ट झाडाखाली थांबली आहे. तिथून पुढे न्यायला हरकत कसलीच नाही. वाट मोकळी आहे, साथ वेशीच्या आत आहे, गाडीला चाकं आहेत. नुसतं कुणीतरी काहीतरी बोलायला हवं. मी कामावर लिफ्टच्या टपावर एकटा असतो तेव्हा कधीकधी तो आवाज काढून बघतो. वरपर्यंत घुमतो. खाली कुणीतरी ओरडतं, "कोण आहे वर?" मी म्हणतो, "मिस्त्री."

काल टेबल भिंतीला लावून टाकलं. खुर्च्या माळ्यावर ठेवल्या, एक ठेवली खाली. खोलीत आता चालायला बरीच जागा झाली आहे.